गुठळी मोजायची कशी, टाळायची कशी : सांधेरोपणावरील लेखसंग्रहाची प्रस्तावना

गुडघा किंवा खुबा बदलायचे ठरले की घरातली चर्चा ठरावीक वळणे घेते. खर्च किती, विमा किती देणार, वाटी देशी घ्यायची की परदेशी, दोन्ही गुडघे एकदम करावेत की एकेक, मांडी घालून बसता येईल का, गणपतीपर्यंत जिना चढता येईल का. या यादीत रक्ताच्या गुठळीचे नाव सहसा नसते. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांच्या यादीत मात्र ते जंतुसंसर्गाच्या शेजारी, अगदी वर असते. या दोन याद्यांमधले अंतर कमी व्हावे यासाठी हा लेखसंग्रह सिद्ध झाला आहे. अस्थिशल्यतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, रक्तविकारतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट आणि परिचारिका यांनी आपापल्या बाजूने लिहिलेले लेख त्यात आहेत. त्यांच्याकडे वळण्याआधी सगळ्या मुलखाचा नकाशा नवख्या वाचकाच्या हाती द्यावा, हे या प्रस्तावनेचे काम.

आधी मूळ घटना. पायातले रक्त हृदयाकडे परत जाते ते गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध. ते वर ढकलण्याचे बरेचसे काम पोटरीचे स्नायू करतात. चालताना हे स्नायू आवळतात, सैल होतात आणि त्यांच्यातून जाणाऱ्या खोल शिरांमधले रक्त वर सरकते. पाय निपचित पडला की रक्त रेंगाळते. शिरेतल्या झडपांच्या खोबणीत प्रवाह सर्वांत मंद असतो. गुठळीचा पहिला थर बहुधा तिथेच बसतो. बहुतेक गुठळ्या लहान राहतात, शरीरच त्या विरघळवते आणि रुग्णाला त्यांचा पत्ताही लागत नाही. काही मांडीपर्यंत वाढतात. मग पाय सुजतो, दुखतो. झडपा कायमच्या निकामी झाल्या तर ती सूज वर्षानुवर्षे पाठ सोडत नाही. आणि एखादी गुठळी सुटून, हृदयाच्या उजव्या कप्प्यांतून पुढे जाऊन फुप्फुसाच्या धमनीत अडकली तर धाप लागते, छातीत दुखते, भोवळ येते. गुठळी मोठी असेल तर काही मिनिटांत जीवही जातो.

फुप्फुसात सापडणारी गुठळी बहुधा तिथे तयार झालेली नसते, ती दुसऱ्या शिरेतून वाहत आलेली असते, हे जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिरखो यांनी १८४० च्या दशकात दाखवले. १८५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखनातून पुढच्या पिढ्यांनी तीन कारणांची मांडणी उभी केली: रक्ताचा मंदावलेला प्रवाह, शिरेच्या आतल्या अस्तराला झालेली इजा आणि रक्ताची गोठण्याकडे वाढलेली ओढ. सांधेरोपणात ही तिन्ही कारणे एकाच दिवशी, एकाच पायात हजर होतात. खुब्याचे ऑपरेशन करताना सांधा निखळवावा लागतो, मांडी पिळली जाते आणि तिच्यातली मुख्य शीर दुमडते. हाडाची पोकळी कोरताना आणि सिमेंट दाबून भरताना मज्जेतले गोठण उत्तेजित करणारे घटक रक्तात ढकलले जातात. गुडघ्याच्या वेळी मांडीवर दाबपट्टा आवळतात, तेव्हा खालचे रक्त जागच्या जागी थांबते. जखम भरून काढण्यासाठी शरीर गोठणयंत्रणा पुढचे अनेक दिवस जागी ठेवते, आणि वेदनेमुळे रुग्ण पाय हलवायला धजत नाही. म्हणूनच पोटाच्या किंवा छातीच्या कित्येक ऑपरेशनांपेक्षा सांधेरोपणाला गुठळीचा धोका अधिक.

या क्षेत्राचा इतिहास औषधांच्या क्रमाने सांगण्याची रीत आहे. मला मात्र तो मोजण्याच्या रीतींच्या क्रमाने सांगितला तर जास्त उलगडतो असे वाटते. ज्या पिढीला जे मोजता आले, त्यावरून तिने धोका ठरवला आणि त्या धोक्याला साजेसे औषध निवडले. आजचे बहुतेक वादही मुळात काय मोजायचे याचेच आहेत. ही एक खूणगाठ मनाशी बांधली तर संग्रहातले परस्परविरोधी वाटणारे लेखही एकमेकांशी बोलू लागतील.

औषधे सांधेरोपणाच्या आधीपासून होती. १९१६ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जे मॅक्लीन हा वैद्यकाचा विद्यार्थी विल्यम हॉवेल यांच्या प्रयोगशाळेत रक्त गोठवणाऱ्या द्रव्याच्या शोधात होता. त्याच्या हाती लागले ते नेमके उलट्या गुणाचे द्रव्य. त्या कामातून हेपरिन पुढे आले. टोरांटो आणि स्टॉकहोम इथल्या संशोधकांनी १९३० च्या दशकात ते माणसाला देण्याइतके शुद्ध केले. वॉरफरिनची कथा गोठ्यात सुरू होते. १९२० च्या दशकात उत्तर अमेरिकेच्या मैदानी भागात बुरशी धरलेला गोड क्लोव्हरचा चारा खाऊन गुरे रक्तस्रावाने मरू लागली. शिंगे छाटली तरी रक्त थांबेना. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या कार्ल पॉल लिंक यांच्या गटाने त्या चाऱ्यातले द्रव्य वेगळे केले. त्याचाच एक भाऊबंद १९४८ मध्ये उंदीर मारण्याचे औषध म्हणून बाजारात आला आणि १९५४ पासून माणसांसाठी वापरला जाऊ लागला. रक्ताची गोठणक्षमता कमी करणारी ही दोन्ही साधने हाताशी होती, पण धडधाकट दिसणाऱ्या रुग्णाला ती आधीपासून द्यावीत असे कोणाला सहजी पटत नव्हते. ताज्या जखमेतून रक्त वाहील ही भीती रास्तच होती.

ती भीती बाजूला सारायला लावणारे पहिले मोजमाप शवविच्छेदनाच्या टेबलावर झाले. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम ॲक्सिडेंट हॉस्पिटलमध्ये सायमन सेव्हिट हे विकृतिशास्त्रज्ञ होते. खुब्याचे हाड मोडलेले वृद्ध रुग्ण दगावले की त्यांच्या शिरांमध्ये आणि फुप्फुसांत त्यांना वारंवार गुठळ्या सापडत. जिवंतपणी या गुठळ्यांचा संशयही आलेला नसे. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सेव्हिट आणि गॅलघर यांनी अशा ३०० रुग्णांचे दोन गट करून एका गटाला फेनिनडायोन हे वॉरफरिनसारखे औषध दिले. औषध मिळालेल्या गटात फुप्फुसातल्या गुठळीने होणारे मृत्यू ठळकपणे घटले. प्रतिबंध शक्य आहे हे पायाच्या हाडांच्या रुग्णांत दाखवणारा हा पहिला भक्कम पुरावा.

तीनच वर्षांनी, नोव्हेंबर १९६२ मध्ये, लँकेशायरमधल्या राइटिंग्टन इथे जॉन चार्नली यांनी धातूचा गोळा आणि घट्ट पॉलिएथिलीनची वाटी असलेला खुबा बसवायला सुरुवात केली. आधुनिक सांधेरोपण तिथून मोजले जाते. तेव्हा रुग्ण कित्येक दिवस अंथरुणात असत. १९७७ मध्ये चार्नली आणि सहकाऱ्यांनी सुमारे आठ हजार खुब्यांचा हिशेब मांडला, तेव्हा फुप्फुसातल्या गुठळीने शंभरात साधारण एक रुग्ण दगावल्याचे दिसले. वेदना घालवून माणसाला चालते करणाऱ्या, ठरवून केलेल्या ऑपरेशनात हा आकडा कोणालाही मान्य होण्यासारखा नव्हता.

दुसरे मोजमाप जिवंत रुग्णाच्या पायात झाले, आणि त्यात एका भारतीय वंशाच्या शल्यविशारदाचा वाटा मोठा आहे. लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमधले विजय वीर कक्कर यांनी किरणोत्सारी आयोडीन जोडलेले फायब्रिनोजेन वापरून ऑपरेशननंतर पोटरीत गुठळी केव्हा धरते, किती जणांत ती आपोआप विरते आणि किती जणांत वर सरकते, याचा माग १९६९ मध्ये काढला. त्यांच्या नेतृत्वाखाली अनेक देशांत झालेली चाचणी १९७५ मध्ये प्रसिद्ध झाली. मोठी ऑपरेशने झालेल्या ४,१२१ रुग्णांमध्ये अल्प मात्रेतल्या हेपरिनची तुलना काहीच न देण्याशी केली होती. फुप्फुसातल्या गुठळीने औषध न मिळालेल्या गटात १६ आणि मिळालेल्या गटात २ रुग्ण दगावले. ऑपरेशनच्या आधीच प्रतिबंधाची सुई टोचण्याची पद्धत जगभर रुजली ती यानंतर. खुबा बदललेल्या रुग्णांना मात्र ती अल्प मात्रा पुरेशी पडत नव्हती, आणि शोध पुढे चालू राहिला.

तिसरे मोजमाप व्हेनोग्राफीचे. पायाच्या शिरेत रंगद्रव्य सोडून क्ष-किरण चित्र काढले की लहानशी गुठळीही दिसते. या चित्रांनी एक धक्का दिला. खुबा किंवा गुडघा बदलल्यावर काहीही प्रतिबंध न केल्यास ४० ते ६० टक्के रुग्णांच्या शिरांत गुठळ्या सापडू लागल्या. औषध कंपन्यांना आणि संशोधकांना त्यात सोय होती. मृत्यू किंवा लक्षणे मोजायची तर हजारो रुग्ण लागतात. चित्रातल्या गुठळ्या मोजायच्या तर काही शेकड्यांत उत्तर मिळते. १९८६ मध्ये कॅनडातल्या टर्पी आणि सहकाऱ्यांनी एनॉक्सापॅरिन या कमी रेणूभाराच्या हेपरिनचा खुब्याच्या ऑपरेशनानंतर होणारा फायदा याच रीतीने दाखवला. ठरावीक मात्रा, वारंवार रक्ततपासणीची गरज नाही आणि घरीही टोचता येईल असे इंजेक्शन, या गुणांमुळे ते पुढची दोन दशके मापदंड ठरले. २००८ मध्ये रिव्हरॉक्साबॅन आणि डॅबिगॅट्रान, आणि त्यांच्यामागोमाग ॲपिक्साबॅन या तोंडाने घ्यायच्या गोळ्या आल्या. गोठणसाखळीतली एकच नेमकी कडी त्या अडवतात. त्यांच्या मुख्य चाचण्यांमधल्या यशाचा मोठा भागही चित्रात दिसणाऱ्या गुठळ्यांच्या हिशेबाने ठरला होता.

इथे अस्थिशल्यतज्ज्ञ अडून बसले. चित्रात दिसलेल्या शंभर गुठळ्यांपैकी रुग्णाला त्रास देणाऱ्या किती, आणि त्या टाळण्यासाठी दिलेल्या औषधाने जखमेतून किती जणांना स्राव झाला, हे तुम्ही कुठे मोजता, असा त्यांचा सवाल होता. तो केवळ व्यावसायिक हट्ट नव्हता. बदललेल्या सांध्याभोवती रक्त साचले, टाके ओले राहिले तर जंतुसंसर्गाची वाट मोकळी होते. संसर्ग आत शिरला तर सांधा पुन्हा उघडावा लागतो, कधी काढून टाकावा लागतो. याशिवाय मणक्यातून भूल दिलेल्या रुग्णांत कमी रेणूभाराच्या हेपरिनमुळे मज्जारज्जूभोवती रक्त साचून पाय लुळे पडल्याच्या घटना समोर आल्या, आणि १९९७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याबद्दल इशारा दिला. सुई केव्हा टोचायची आणि भुलीसाठी पाठीत घातलेली नळी केव्हा काढायची, यात तासांचे अंतर काटेकोरपणे पाळण्याची शिस्त तेव्हापासून भूलशास्त्राचा भाग झाली.

अशा रीतीने दोन ठळक पंथ तयार झाले. छातीविकारतज्ज्ञ आणि रक्तविकारतज्ज्ञांचा पंथ अमेरिकन कॉलेज ऑफ चेस्ट फिजिशियन्सच्या मार्गदर्शक सूचनांतून बोलत असे. सर्वांना प्रभावी गोठणरोधक द्या, एकट्या ॲस्पिरिनवर विसंबू नका, हे त्यांच्या २००८ च्या आवृत्तीचे म्हणणे. अस्थिशल्यतज्ज्ञांचा पंथ अमेरिकन अकॅडमी ऑफ ऑर्थोपेडिक सर्जन्सच्या २००७ च्या सूचनांत दिसतो. लक्षणे देणारी फुप्फुसातली गुठळी हे त्यांचे मुख्य माप होते. रुग्णाचा धोका आणि रक्तस्रावाचा धोका तोलून ॲस्पिरिनही चालेल, असे त्यांनी म्हटले. एकाच रुग्णाबद्दल दोन प्रतिष्ठित संस्था वेगवेगळा सल्ला देत होत्या, कारण दोघी वेगवेगळ्या गोष्टी मोजत होत्या. २०१२ मध्ये छातीविकारतज्ज्ञांनी लक्षणांना अधिक महत्त्व देऊन ॲस्पिरिनलाही यादीत जागा दिली आणि अंतर बरेच मिटले.

तिसरा पंथ औषधांपेक्षा शरीराच्या हालचालीवर भर देणारा. पोटरीभोवती आलटून पालटून फुगणारे पट्टे आणि तळपायावर दाब देणारे पंप ही त्याची यंत्रे. तळपायातल्या शिरा पाऊल टेकताना रिकाम्या होतात आणि रक्त वर ढकलतात, ही गोष्ट १९८३ मध्ये गार्डनर आणि फॉक्स यांनी इंग्लंडमधून मांडली, तिच्यावर हे पंप उभे आहेत. पण यंत्रांपेक्षा मोठा बदल पलंगाशेजारी झाला. डेन्मार्कमध्ये हेन्रिक केलेट आणि त्यांच्या प्रभावाखालच्या शल्यविशारदांनी ऑपरेशनाचा ताणच कमी करण्याचा मार्ग धरला: मणक्यातून भूल, वेदनेवर निरनिराळ्या बाजूंनी उपाय, कमी रक्तस्राव आणि त्याच दिवशी उभे राहून चालणे. अशा वेगवान पद्धतीत लक्षणे देणाऱ्या गुठळ्या इतक्या घटल्या की निवडक रुग्णांना औषध फक्त रुग्णालयात असेपर्यंतच द्यावे का, हा प्रश्न तिथे गंभीरपणे विचारला गेला. चार्नलींच्या काळातला शंभरात एक हा आकडा आज किती तरी खाली आला आहे, त्याचे श्रेय एकट्या औषधांना देता येत नाही.

ॲस्पिरिनचा वेगळा उल्लेख करायला हवा, कारण सध्या वादाचा केंद्रबिंदू तीच आहे. शिरेतल्या गुठळीत फायब्रिनचे जाळे प्रमुख आणि ॲस्पिरिन अडवते ते बिंबाणूंना. त्यामुळे तिच्याकडे बराच काळ संशयाने पाहिले गेले. तरी १९७७ मध्ये बॉस्टनच्या विल्यम हॅरिस यांनी खुब्याच्या रुग्णांत तिचा फायदा नोंदवला. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत खुबा मोडलेल्या १३,३५६ रुग्णांमध्ये रोज १६० मिलिग्रॅम ॲस्पिरिनने गुठळ्यांचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, कॅनडातल्या ईपीकॅट-२ चाचणीत ३,४२४ रुग्णांना पहिले पाच दिवस रिव्हरॉक्साबॅन दिले. मग अर्ध्यांना ॲस्पिरिनवर आणले, अर्ध्यांना त्याच औषधावर ठेवले. लक्षणे देणाऱ्या गुठळ्या अनुक्रमे ०.६४ आणि ०.७० टक्के, म्हणजे जवळपास सारख्या. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ऑस्ट्रेलियातल्या ३१ रुग्णालयांतल्या क्रिस्टल चाचणीने मात्र वेगळे उत्तर दिले. ९,७११ रुग्णांमध्ये सुरुवातीपासून एकटी ॲस्पिरिन दिलेल्यांत ३.४५ टक्के आणि एनॉक्सापॅरिन दिलेल्यांत १.८२ टक्के जणांना गुठळी झाली. फरक मुख्यतः गुडघ्याखालच्या शिरांतल्या गुठळ्यांचा होता. हे दोन निष्कर्ष एकमेकांना खोडत नाहीत. पहिल्या काही दिवसांत जोरकस औषध आणि नंतर ॲस्पिरिन ही एक योजना झाली, पहिल्या दिवसापासून नुसती ॲस्पिरिन ही दुसरी. आणि पोटरीतल्या गुठळीला किती महत्त्व द्यायचे, हा जुनाच प्रश्न नव्या आकड्यांत पुन्हा उभा राहतो.

क्रिस्टलसारखी चाचणी करता आली ती ऑस्ट्रेलियात १९९९ पासून चालू असलेल्या सांधेरोपणाच्या राष्ट्रीय नोंदवहीमुळे, हेही लक्षात घ्यावे. स्वीडनने गुडघ्यांची नोंद १९७५ मध्ये आणि खुब्यांची १९७९ मध्ये सुरू केली. ज्या देशाने मोजायची सवय लावून घेतली, त्याला स्वतःचे उत्तर मिळाले.

आपल्याकडे मात्र बराच काळ एक समज टिकून होता: गुठळ्या हा गोऱ्या लोकांचा आजार, आपल्याला तो होत नाही. या समजाला थोडा आधारही होता. १९९४ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडन इथे सापडलेला फॅक्टर फाइव्ह लायडन हा गुठळीला पोषक जनुकीय बदल युरोपीय वंशाच्या सुमारे ५ टक्के लोकांत असतो आणि पूर्व आशियात जवळजवळ आढळत नाही. पण २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आशियातल्या १९ केंद्रांत, प्रतिबंध न दिलेल्या रुग्णांच्या पायांची चित्रे काढली तेव्हा ४१ टक्के जणांत गुठळ्या दिसल्या. लक्षणे देणाऱ्या गुठळ्यांचे प्रमाण त्याहून कितीतरी कमी होते. म्हणजे धोका नाही असे नाही. तो पाश्चात्त्य आकड्यांचा ठसा उमटवून मांडता येत नाही, इतकेच. रुग्णालयांतल्या रुग्णांची पाहणी करणाऱ्या एन्डॉर्स या जागतिक अभ्यासाच्या भारतीय भागात तर धोका असलेल्या पाच रुग्णांपैकी एकालाही योग्य प्रतिबंध मिळत नसल्याचे दिसले.

हा विषय आत्ता महत्त्वाचा होण्याची कारणे आपल्या घरांतच आहेत. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राच्या औषध किंमत नियामकाने गुडघ्याच्या सांध्यांच्या किमती बांधल्या. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची कमाल किंमत करांव्यतिरिक्त ५४,७२० रुपये ठरली. परवडण्याच्या कक्षेत आल्यावर हे ऑपरेशन मुंबई-पुण्यापुरते राहिले नाही. दोन्ही गुडघे एकाच वेळी बदलण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे आणि तिच्यात गुठळीचा धोका वाढतो. रुग्णांचे वय, वजन आणि मधुमेह यांचा भार वेगळाच. त्यात रुग्णालयातला मुक्काम घटत चालला आहे.

या शेवटच्या गोष्टीकडे विशेष लक्ष द्यायला हवे. कॅलिफोर्नियातल्या रुग्णांच्या १९९८ च्या एका अभ्यासात गुठळीचे निदान होण्याचा मध्यक दिवस गुडघ्यानंतर सातवा आणि खुब्यानंतर सतरावा निघाला. खुब्याच्या तीन चतुर्थांश रुग्णांत ते निदान घरी गेल्यावर झाले होते. म्हणूनच प्रतिबंधाचा काळ गुडघ्यानंतर किमान १० ते १४ दिवस आणि खुब्यानंतर बहुधा ३५ दिवसांपर्यंत धरतात. अमेरिकेतला मुलगा तीन आठवड्यांची रजा काढून येतो, ऑपरेशन त्या रजेत बसवले जाते. खुब्याचा धोका मात्र त्याचे परतीचे विमान उडाल्यावरही संपलेला नसतो. पोटात टोचायचे इंजेक्शन कोण देणार, गोळी चुकली तर काय करायचे, शहरात ऑपरेशन होऊन गावी गेलेल्या आजींच्या पायाची डॉपलर तपासणी कुठे होणार, या प्रश्नांची उत्तरे डिस्चार्जच्या आधी मिळालेली असावी लागतात.

घरच्या सवयीही या गणितात येतात. भेटायला येणारा प्रत्येक जण मायेने आराम करायला सांगतो. प्रत्यक्षात घोटे हलवत राहणे, थोड्या थोड्या वेळाने वॉकर घेऊन फिरणे आणि पुरेसे पाणी पिणे हेच पथ्य. पोटरी सुजली की तेल चोळण्याचा मोह होतो. निदान होईपर्यंत तो टाळावा. गुडघ्याच्या ऑपरेशनानंतर थोडी सूज सर्वांनाच असते, त्यामुळे नुसत्या नजरेने काही ठरवता येत नाही. डी-डायमर ही रक्ततपासणी ऑपरेशननंतर एरवीही वाढलेली येते, तिच्यावरून निष्कर्ष काढता येत नाही. अचानक वाढलेली, एकाच पायाची, दुखरी सूज दिसली की त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. धाप, छातीत कळ किंवा थुंकीत रक्त असेल तर डॉक्टरांच्या वेळेची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे. औषध दुकानातून स्वतःच्या मनाने घेतलेली वेदनाशामक गोळी गोठणरोधकासोबत पोटात रक्तस्राव घडवू शकते. वॉरफरिनवर असलेल्यांनी मेथी-पालकाचे प्रमाण एकाएकी वाढवू किंवा बंद करू नये. हृदयासाठी आधीपासून ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल चालू असेल, मूत्रपिंडाचे काम मंदावलेले असेल, पूर्वी कधी गुठळी झाली असेल किंवा कर्करोगाचे उपचार झाले असतील, तर हे ऑपरेशनच्या आधी न विचारताही सांगावे. त्यावर औषध, मात्रा आणि मुदत तिन्ही बदलतात.

एक गोष्ट आपल्याकडे बोलली जात नाही, म्हणून तिचा उल्लेख करतो. हेपरिन आणि एनॉक्सापॅरिन डुकराच्या आतड्यापासून बनवतात. शाकाहारी कुटुंबांना आणि धर्माने डुक्कर वर्ज्य मानणाऱ्यांना हे जाणून घेण्याचा अधिकार आहे. नव्या गोळ्या आणि फोंडापॅरिनक्स रसायनशाळेत तयार होतात, त्यामुळे पर्याय उपलब्ध आहेत. विचारलेच नाही, तर निवड करण्याची वेळ येतच नाही.

या संग्रहाने कोणत्याही एका पंथाची बाजू घेतलेली नाही, आणि ते योग्यच झाले. सर्वांना लागू पडणारी एकच गोळी सांगणे सोपे असते. पण सत्तरीतल्या, दोन्ही गुडघे बदललेल्या, पूर्वी गुठळी होऊन गेलेल्या बाईंचा हिशेब आणि पन्नाशीतल्या, दुसऱ्या दिवशी जिना चढणाऱ्या गृहस्थांचा हिशेब एक असू शकत नाही. लेखकांनी प्रत्येक उपायाचा फायदा आणि त्याची किंमत शेजारी शेजारी मांडली आहे. कुठला आकडा चित्रावरून आला, कुठला लक्षणांवरून आणि कुठला मृत्यूंवरून, हे सांगण्याची शिस्त पाळली आहे. तज्ज्ञांना त्यात नवे शोध सापडणार नाहीत. तरुण डॉक्टर, परिचारिका, फिजिओथेरपिस्ट आणि रुग्णाच्या शेजारी रात्री जागणारे नातेवाईक हा त्याचा खरा वाचकवर्ग. औषधांच्या मात्रा वाचून कोणी स्वतःवर प्रयोग करावा असा त्याचा हेतू नाही. डॉक्टरांशी नेमके बोलता यावे, एवढी तयारी करून देणे हा आहे.

एक अपेक्षा इथे नोंदवावीशी वाटते. भारतातल्या खुबे-गुडघे शल्यविशारदांच्या संघटनेची नोंदवही आहे, पण ती ऐच्छिक आहे. घरी गेलेल्या रुग्णाचे तीन महिन्यांत काय झाले, याचा पद्धतशीर हिशेब आपल्याकडे क्वचितच ठेवला जातो. त्यामुळे कॅनडाचे उत्तर घ्यावे की ऑस्ट्रेलियाचे, यावर आपण वाद घालत राहतो. या पुस्तकाचा वाचक असलेल्या प्रत्येक रुग्णालयाने नव्वदाव्या दिवशी आपल्या प्रत्येक रुग्णाला एक फोन करून दोन प्रश्न विचारले, पायात किंवा छातीत गुठळी झाली का आणि जखमेतून रक्त गेले का, तर काही वर्षांत कोल्हापूर, नाशिक किंवा नागपूरच्या रुग्णाबद्दल स्वतःच्या आकड्यांनिशी बोलता येईल. तोवर निदान डिस्चार्ज कार्डावर प्रतिबंधक औषधाच्या नावापुढे ते बंद करण्याची तारीख आणि रात्री-अपरात्री फोन करायचा क्रमांक लिहिलेला असावा. तो लिहून घेतल्याशिवाय कोणाही वाचकाने आपले माणूस घरी आणू नये.